‘सायमल्टेनियसली’ म्हणताय, पण माणसं किती?



परवाच्या बॅचमध्ये एक ताई उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मी शिलाई आणि मार्केटिंग सायमल्टेनियसली करणार." मी विचारलं, "तुम्ही ऑर्डर आणायला बाहेर गेलात की मशीनवर कोण बसणार?" "मीच. आल्यावर." अहो, मग ते आलटून पालटून झालं!

सायमल्टेनियसली म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी चालू असणं. ब्रिटिश लोक ‘सिमल्टेनियसली’ म्हणतात, अमेरिकन ‘सायमल्टेनियसली’. दोन्ही बरोबर, उच्चाराला घाबरू नका. फक्त ‘सेम टाइम सायमल्टेनियसली’ म्हणू नका, ते ‘गोल सर्कल’सारखं होतं.

पण माझं भांडण इंग्रजीशी नाहीये. हा शब्द चुकला की हिशोब चुकतो, हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

अंधेरीत माझं स्टेशनरीचं दुकान. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. मला वाटलं, घाटकोपर म्हणजे आता शेजारचीच गल्ली! दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, तिकडे गाळा भाड्याने घेतला. सकाळी इकडे, दुपारनंतर तिकडे, दोन्ही दुकानं सायमल्टेनियसली सांभाळतो म्हटलं. मे महिन्यापर्यंत जमलं. जूनमध्ये शाळा उघडल्या, आणि त्या काय अंधेरीला आधी आणि घाटकोपरला नंतर उघडतात का? वह्या, खाकी कव्हर, लेबलं घ्यायला दोन्हीकडे संध्याकाळी सहा ते नऊ हीच गर्दी. मेट्रोने माझा वेळ वाचवला, पण दोन काउंटरवर मला उभं करणं तिच्या हातात नव्हतं. घाटकोपरचा मुलगा नवीन, त्याला भाव पाठ नाहीत. तो मला फोन लावायचा, मी इकडे गिऱ्हाईकात अडकलेला, तोवर तिकडचं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

दोन गोष्टी खरोखर एकाच वेळी आल्या की काय होतं, ते उपनगरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राला भरती. पाणी जाणार कुठे? माझ्या गल्ल्याचं तेच झालं. मालाचं पेमेंट, दोन भाडी, दोन पगार, सगळं एकाच आठवड्यात. विक्री मात्र दहा-वीस रुपये करत यायची. ऑगस्टमध्ये गाळा सोडला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बँकेतल्या साहेबांसमोर हा शब्द वापरायचा तर कामं दोन आणि माणसंही दोन सांगा. ‘मी शिवणार, सायमल्टेनियसली माझी बहीण ऑर्डर घेणार,’ हे चालेल. माणूस एकच असेल तर वेळा वाटून सांगा, त्यात कमीपणा कसला?

त्या ताईंनी वाक्य बदललं. दुपारपर्यंत शिलाई, चारनंतर ऑर्डर. मग आठवड्याला किती ब्लाऊज निघतील ते वहीत मांडलं. आकडा आधीच्या निम्मा आला. कर्जाची रक्कम त्यांनी तिथेच खोडून कमी केली.