क्रोशाची सुई

भीमाशंकरच्या डोंगरावर पावसाळा एकदा स्थिरावला, की आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांची पश्चिमेकडील गावे धुक्यात बुडून जातात. भाताची लावणी आटोपली, की पावसाच्या संततधारेत घरी बसण्याचे कितीतरी तास मुलांच्या वाट्याला येतात. अशा वेळी मुलामुलींनी क्रोशाची सुई हाती धरावी आणि केसांचे बंध, अंबाड्याची जाळी, वेणीत माळावयाची फुले घरच्या घरी विणावीत, असे माझे मत आहे.

“बाजारात थोडक्या पैशांत बंध मिळत असता बोटे कशाला शिणवावयाची?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कारखान्यातील रबराच्या बंधाहून आपला बंध स्वस्त पडेलच, असे नाही. परंतु वस्तू मिळविणे निराळे आणि वस्तू करता येणे निराळे.

या कामाला साहित्य ते किती लागते? टोकाशी आकडा असलेली एक सुई आणि सुती दोऱ्याची एक गुंडी! प्रथम फासातून फास ओढून साखळी घालावी. ती डोक्याभोवती बसेल एवढी झाली, की उलट फिरून तिच्यावर मुक्या खांबांची ओळ विणावी. अशा चार-पाच ओळी झाल्या, की पट्टी तयार होते. टोकांना बांधण्यापुरत्या साखळ्या सोडल्या, की झाला केसांचा बंध.

काम सोपे खरे. पण ते लक्ष मागते. प्रत्येक ओळीत एकेक टाका गळाला, तर पट्टी निमुळती होत जाते. चूक लपविता येत नाही; मात्र ती सुधारता येते. दोरा ओढला, की वीण उसवते आणि तोच दोरा पुन्हा कामी येतो. आपली चूक आपणच शोधावी, चुकल्या जागेपर्यंत मागे जावे आणि न त्रासता पुन्हा आरंभ करावा, हा धडा या सुईइतक्या शांतपणे क्वचितच कोणी देत असेल. म्हणूनच हे काम केवळ मुलींचे, असे मी मानीत नाही. मुलांच्या बोटांनाही त्याची तितकीच गरज आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आयर्लंडात 1845 मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा क्रोशाची जाळी विणून अनेक कुटुंबांनी पोटाची खळगी भरली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात हजारो स्त्रिया हेच काम करीत आल्या आहेत. त्यांची जाळी परदेशी जाई. पण मारिया मीस या जर्मन विदुषीने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले, की या स्त्रियांना ‘फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ समजले जाई. त्यामुळे मजुरी अत्यल्प मिळे आणि नफा व्यापाऱ्यांच्या पदरी पडे. घरी बसून केलेले काम हे कामच नव्हे, हा समज किती अन्यायाचा आहे, पाहा!

क्रोशाची अस्सल वीण आजही हातानेच घातली जाते. दुकानात अशी वस्तू फार स्वस्त दिसली, तर तिच्यामागे कोणाचे तरी हात आहेत आणि त्या हातांना पुरते मोल मिळाले असेल काय, हे मनात आणावे. हा विचार पुस्तकात वाचून तितकासा उमजत नाही. एक बंध स्वतः विणून पाहिला, की तो आपोआप उमजतो.

तेव्हा मुलांनो, पहिला बंध विणाल, त्या दिवशी वहीत दोन गोष्टी लिहून ठेवा : दोरा केवढ्याचा लागला आणि वेळ किती लागला. पुढेमागे भीमाशंकरच्या यात्रेत तुमच्यापैकी कोणी असे बंध विकावयास बसलाच, तर दोऱ्याबरोबर वेळेचीही किंमत सांगण्यास संकोचू नका. आणि दुसऱ्याच्या हातची वस्तू घेताना तिच्या किमतीची घासाघीस करण्यापूर्वी वहीचे ते पान एकदा आठवा.