ताटात दडलेले वेड

१/ सन १९०६. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माउंट व्हर्नन येथे कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र मनोरुग्णालय होते. तेथील ८८ रुग्णांच्या अंगावर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे उठले, अतिसार जडला, बुद्धिभ्रम वाढत गेला. त्यांपैकी ५७ जण दगावले. वेड बरे करण्यासाठी उभारलेल्या वास्तूतच वेड वाढवणारा हा रोग कोठून आला?

२/ रोगाचे नाव पेलाग्रा. मानसिक आजारांवरील संशोधनाचा इतिहास सांगताना मनोविश्लेषण, विजेचे झटके आणि औषधी गोळ्या यांचीच नावे पुढे येतात. ज्या मानसिक विकाराचा प्रतिबंध जवळजवळ पूर्ण यशस्वी झाला, त्या पेलाग्राला मात्र या इतिहासात तळटीपेचीच जागा मिळते. हा अन्याय दूर व्हायला हवा. कारण कारण शोधणे आणि रोग थांबवणे यांमधले अंतर किती भयंकर असू शकते, हे पेलाग्राइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

३/ हा रोग नवा नव्हता. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांमध्ये त्याची लक्षणे नोंदवली. १७७१ मध्ये इटलीच्या फ्रांचेस्को फ्रापोल्ली यांनी त्याला नाव दिले: ‘पेले आग्रा’, म्हणजे खरखरीत त्वचा. एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीतील मनोरुग्णालयांत या रोगाने भ्रमिष्ट झालेल्या शेतमजुरांची मोठी गर्दी असे. त्या साऱ्यांचे मुख्य अन्न एकच होते: मका.

४/ मका मुळात मेक्सिकोचा. तेथील लोक हजारो वर्षे तो खात आले, तरी त्यांना पेलाग्राने ग्रासले नाही. कारण त्यांच्या स्वयंपाकात होते. ते मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवीत. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध अवस्थेत असते. चुन्यामुळे ते मोकळे होऊन शरीराला मिळते. युरोपने धान्य नेले, ते शिजवण्याची रीत मात्र मागेच राहिली.

५/ अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धानंतर कापूस हेच सर्वस्व झाले. वाट्याने जमीन कसणारे शेतकरी झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावीत. भाजीपाल्याला वावर नाही, गाईला चारा नाही. उधारीवर मिळे ते मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत तेथे सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख माणसे मेली, असा अंदाज आहे.

६/ तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. १९१४ मध्ये थॉम्सन-मॅकफॅडन आयोगाने पेलाग्रा हा संसर्गजन्य असावा आणि अस्वच्छतेतून पसरत असावा, असा निष्कर्ष काढला. १९१६ मध्ये चार्ल्स डॅव्हेनपोर्ट या सुप्रजननवाद्याने त्याचे मूळ आनुवंशिकतेत शोधले. दोन्ही मतांमध्ये एक सोय होती. दोष गरिबांच्या घाणीत किंवा त्यांच्या रक्तात ठरत होता. मजुरीच्या दराची आणि जमिनीच्या मालकीची चर्चा करावी लागत नव्हती.

७/ १९१४ मध्येच केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना दक्षिणेत पाठवले. जन्म १८७४, आजच्या स्लोव्हाकियातील एका गावी, ज्यू कुटुंबात. बालपणीच आईवडिलांसह न्यूयॉर्कला आलेला हा स्थलांतरिताचा मुलगा पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस या रोगांशी झुंजला होता. तिन्ही रोग त्याला स्वतःलाही होऊन गेले होते.

८/ गोल्डबर्गर यांनी मनोरुग्णालये, अनाथालये आणि तुरुंग पाहिले. एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. पेलाग्रा आश्रितांना होई. त्यांच्यासोबत अहोरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नसे. जंतू असा भेद करीत नाहीत. स्वयंपाकघर करते: आश्रितांना जे वाढले जाई त्यावर नोकरवर्गाला भागवावे लागत नसे, दूध, मांस, अंडी मिळवण्याची त्यांना मुभा होती.

९/ मग प्रयोग झाले. मिसिसिपीतील जॅक्सन येथील दोन अनाथालयांत मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये वाढवली. जॉर्जियातील मिलेजव्हिल येथील विशाल मनोरुग्णालयातही निवडक रुग्णांना हाच आहार दिला. ज्यांना तो नियमित मिळाला, त्यांच्यात दरवर्षी वसंतात परतणारा रोग परतला नाही. औषधाचा एक थेंबही न देता एका मानसिक विकाराचा प्रतिबंध सिद्ध झाला. साल होते १९१५.

१०/ उलट दिशेचा पुरावाही हवा होता. मिसिसिपीच्या रँकिन तुरुंगशेतीवर त्याच वर्षी ११ निरोगी कैद्यांना मका, मैदा, भात, काकवी, रताळी आणि थोड्या भाज्या असा आहार काही महिने देण्यात आला. त्यांपैकी ६ जणांमध्ये पेलाग्राची लक्षणे दिसली. मोबदला म्हणून गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांनी त्यांची शिक्षा माफ केली.

११/ येथे थांबणे आवश्यक आहे. तुरुंगात खितपत पडलेल्या माणसापुढे सुटकेचे आमिष ठेवले, तर त्याच्या संमतीला स्वेच्छा म्हणता येईल काय? आजच्या निकषांवर हा प्रयोग टिकणार नाही. गोल्डबर्गर यांचे थोरपण मान्य करूनही हा डाग झाकू नये. गरिबांना होणाऱ्या रोगाचा पुरावा पुन्हा बंदिवानांच्याच देहावर गोळा झाला, हा योगायोग नव्हे.

१२/ तरीही विरोधक मानेनात. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांची पत्नी मेरी आणि सहकारी अशा एकूण १६ जणांनी स्वतःवर प्रयोग केले. रुग्णांचे रक्त टोचून घेतले. त्यांच्या त्वचेच्या खपल्या आणि मलमूत्र पिठात मिसळून गिळले. मेरी यांनी रक्ताचे इंजेक्शन घेतले. एकालाही पेलाग्रा झाला नाही. जंतूचा सिद्धान्त तेथेच संपायला हवा होता.

१३/ याच वर्षी एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञासोबत दक्षिण कॅरोलायनातील ७ गिरणीगावांचा घरोघर अभ्यास सुरू झाला. (पर्ल बक या कादंबरीकर्तीचे हे थोरले बंधू.) उत्पन्न जितके कमी, तितका पेलाग्रा अधिक, असे चित्र समोर आले. जेथे आसपासचे शेतकरी ताजे मांस आणि भाजी विकायला आणीत, ते गाव वाचले होते; जेथे चहूकडे केवळ कापूस होता, ते गाव होरपळत होते. मनोविकाराचे कारण शोधायला निघालेले संशोधन बाजारपेठेच्या हिशेबापाशी पोहोचले.

१४/ १९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतील उपासमार आणि पेलाग्रा यांविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. दक्षिणेतील पुढाऱ्यांना हा आपल्या प्रांताचा अपमान वाटला. आमच्याकडे उपासमार नाही, असे म्हणत त्यांनी मदतीची कल्पनाच झिडकारली. प्रांताची अब्रू वाचली. ताट मात्र रितेच राहिले.

१५/ दरम्यान गोल्डबर्गर यांनी मद्यनिर्मितीत वापरले जाणारे यीस्ट हा स्वस्त उपाय शोधला. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर पूरग्रस्तांना ते वाटण्यात आले आणि त्याचा गुण आला. १९२९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अन्नातला तो नेमका घटक कोणता, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

१६/ १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्वेजेम यांनी तो घटक ओळखला: निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन. लवकरच पेलाग्राच्या रुग्णांवर त्याचा वापर झाला. भ्रमिष्ट अवस्थेतील माणसे थोड्याच दिवसांत भानावर येऊ लागली. १९४० च्या दशकात अमेरिकेत पावात आणि पिठात नायसिन मिसळण्याची पद्धत रुजली, महायुद्धाने रोजगार वाढवला आणि पेलाग्रा बघता बघता ओसरला.

१७/ येथे एक आक्षेप संभवतो. अखेर रोग गेला तो जीवनसत्त्वाने. गरिबी तर हटली नव्हती! मग संशोधकांनी सामाजिक प्रश्नांत का पडावे? आक्षेप निरर्थक नाही. पिठात मिसळलेल्या चिमूटभर नायसिनने असंख्य माणसे वाचवली, आणि गरिबी हटेपर्यंत ती वाट पाहू शकत नव्हती. तांत्रिक उपायाला हिणवणे हा पोटभरलेल्यांचा चोखंदळपणा आहे.

१८/ मात्र कालक्रम नीट पाहावा. दूध, मांस आणि कडधान्ये यांनी पेलाग्रा टळतो, हे १९१५ मध्येच ठाऊक होते. मग पुढची पंचवीस वर्षे हजारो माणसे का मेली? ज्ञान अपुरे होते म्हणून नव्हे. उपाय दुधाच्या रूपात होता तोवर त्याची किंमत मजुरीतून आणि जमिनीतून मोजावी लागणार होती. तो चिमटीत मावू लागला, तेव्हाच समाजाला परवडला. विलंबाचे कारण प्रयोगशाळेत नव्हते.

१९/ ही कथा दख्खनलाही परकी नाही. येथील गरिबाची भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या शेतमजुरांमध्येही पेलाग्रा आढळत असे. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. दोष भाकरीचा नव्हता, हे मात्र निश्चित; भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी नसण्याचा होता.

२०/ प्रत्येक मनोविकार आहाराने बरा होतो, असा याचा अर्थ काढू नये. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य यांना पेलाग्रासारखे एकच कारण नाही आणि एकच उतारा नाही. औषधे व समुपदेशन यांचे मोल कमी लेखणे घातक ठरेल. धडा वेगळा आहे: उपाय सापडणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, आणि दुसरी आपोआप घडत नाही.

२१/ हे अंतर आजही आहे. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने केलेल्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण मिळालेले स्थानिक समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना सुधारण्यास मदत करू शकतात, हे त्यात दिसले. उपाय स्वस्त होता, आवाक्यातला होता. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांत, निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून असल्याचे आढळले.

२२/ म्हणून पेलाग्राचा इतिहास केवळ जीवनसत्त्वाच्या शोधाची सुखान्त कथा म्हणून वाचू नये. १९१५ आणि १९४० या दोन सालांमधली जागा वाचावी. मिलेजव्हिलच्या ज्या रुग्णांना तो आहार मिळाला ते सावरले. त्याच इमारतीत ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यापैकी अनेकांचा रोग वसंतात परतला. दोघांच्या मेंदूंत फरक नव्हता. फरक होता तो वाढणाऱ्याच्या हातात.