उकिरडा आणि घंटागाडी

प्रत्येक घराने ओला कचरा वेगळा द्यावा आणि नगरपालिकेने त्याचे खत करावे, असे कोणी म्हटले की आपल्याकडे उत्तर ठरलेले : "ही परदेशी खुळे!" अष्टागरातल्या माणसाने तरी असे म्हणू नये. नागाव-चौल-रेवदंड्याच्या वाड्या पोसल्या कशावर? मासळी धुतलेले पाणी माडाच्या बुंध्याशी, खरकटे गुरांपुढे, शेण आणि पालापाचोळा उकिरड्यात. घराबाहेर फेकण्याजोगे फारसे उरतच नसे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेली 'इंदूर पद्धत' तरी काय होती? ओल्यासुक्याचे थर, हवा, बेताचा ओलावा, अधूनमधून उलथापालथ. सुमारे तीन महिन्यांत खत. साहेब इथल्या आणि चीनमधल्या शेतकऱ्यांकडूनच शिकला होता.

आता वाड्यांच्या जागी बंगले आणि हॉटेले आली. २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट लागते, तिच्यातून मोटारीही उतरतात. गोठा गेला, उकिरड्याला जागा उरली नाही. म्हणून त्याचे काम सार्वजनिक झाले, इतकेच. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी घरावर टाकली, ती रास्तच होती. प्लॅस्टिक मिसळलेल्या ढिगात हवा खेळत नाही. तो कुजतो, खत होत नाही.

परंतु लोकांचा एक आक्षेप मला खोडून काढता येत नाही. आमच्या घरी महिनाभर दोन बादल्या होत्या. एके सकाळी आईने पाहिले, गाडीवाल्याने दोन्ही एकाच ढिगावर ओतल्या. त्या दिवसापासून आमची एकच बादली. आईला दोष कसा द्यावा? लोकांचा पाठिंबा भाषणांनी मिळत नाही. आपला कचरा कुठे जातो हे दिसले की मिळतो. वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ नंतर, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा घरापासून वेगळा घेतला, ओल्याचे खत आणि बायोगॅस केला, आणि जुन्या कचराडेपोचे उद्यान केले. लोक तो पाहायला जाऊ लागले! वेंगुर्लेही कोकणातच आहे, पाऊस तिथेही आपल्यासारखाच कोसळतो.

आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दुसऱ्यांचे गाव झाडतो. आपल्या उपाहारगृहाच्या पिंपात मात्र चहाचा चोथा, केळीच्या साली आणि वड्याच्या पिशव्या एकत्र नांदतात. (प्राध्यापककक्षातली टोपलीही निराळी नाही, गुरुजनांनी क्षमा करावी.) नगरपालिकेची वाट न पाहता मागच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली एक खड्डा का असू नये? माळीकाकांना विचारले. म्हणाले, "खणतो की. पण आत एक पिशवी दिसली, तर त्याच दिवशी बुजवीन."