काच हलली म्हणजे गाणं वाजलं असं नाही!

फुटाळ्यावर संध्याकाळी एखादी जुनी हॅचबॅक येते. आधी तिची डिकी थरथरताना ऐकू येते, मग नंबर प्लेट आणि सगळ्यात शेवटी गाणं. गायक कोण, शब्द काय, पत्ता नाही. नुसती धडधड. तरी आपल्याला वाटतं, काय सिस्टीम आहे यार! मित्रांनो, तिथंच आपण फसतो. माझं स्पष्ट मत आहे: बजेट कमी असेल तर वूफर सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी पुढच्या दोन दारांवर खर्च करायचा.

का, ते समजून घ्या. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा उलटी ओढली जाते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की बेस कटतो. म्हणून घरच्या स्पीकरला बंद डबा असतो. गाडीत हा डबा म्हणजे दार. आणि आपलं दार कसं? पातळ पत्रा, आत ठिकठिकाणी भोकं. अशा दारात कितीही महागडा स्पीकर टाका, तो पत्र्याच्या डब्यासारखाच वाजणार. दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट लावून आतली मोठी भोकं बंद केली, तर आहे त्याच स्पीकरचा बेस भरल्यासारखा वाटतो. मात्र पावसाचं पाणी बाहेर काढणारी खालची भोकं मोकळीच ठेवा, नाहीतर दार सडेल. शीट ब्युटाइलची घ्या, डांबराची नको. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डांबर नरम पडतं आणि वास सुटतो.

आता वॅटचा घोळ. काउंटरवरचा भाऊ म्हणतो, ‘चार हजार वॅटचा आहे, घेऊन टाका.’ जरा हिशेब करा. खरोखर चार हजार वॅट द्यायचे तर गाडीच्या बॅटरीतून साधारण तीनशे अँपिअर करंट ओढावा लागेल. छोट्या गाडीचा अल्टरनेटर शंभर अँपिअरही देत नाही. म्हणजे डब्यावरचा आकडा नुसता दाखवायचा. तुम्ही ‘आरएमएस’ किती ते विचारा. टचस्क्रीनवर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असलं, तरी त्याचा आरएमएस बहुतेक वेळा २० वॅटच्या आसपासच असतो.

दुसरा प्रश्न विचारा सेन्सिटिव्हिटीचा. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. तीन डेसिबलने जास्त असलेला स्पीकर निम्म्या पॉवरवर तितकाच मोठा वाजतो. अॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर ९२ डेसिबलचा साधा स्पीकर ८८ वाल्या भारी स्पीकरपेक्षा तुमच्या जास्त कामाचा.

समजा तुमच्याकडे १५ हजार आहेत. निम्मे पुढच्या स्पीकरवर लावा. शक्य झालं तर कंपोनंट सेट घ्या, म्हणजे ट्विटर वेगळा बसतो आणि आवाज पायाजवळून न येता समोरून येतो. पाव भाग डॅम्पिंगला. उरलेले कपलर, चांगली वायर आणि फिटिंगला. मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या. कंपनीचा स्टिरिओ ठीकठाक असेल तर तोही बदलू नका. आणि एक काम फुकटात होतं: सेटिंगमधला बेस बूस्ट बंद करा, गाणी हाय क्वालिटीवर डाउनलोड करा. कितीतरी गाड्यांचा आवाज एवढ्यानेच सुधारतो.

फिटिंगच्या वेळी मात्र चहा प्यायला जाऊ नका, गाडीजवळ उभे राहा. कंपनीची वायर कापू देऊ नका, कपलर लावायला सांगा. वायर कापली की वॉरंटीवरून वाद होतो, आणि गाडी तर बाबांच्या नावावर असते! पुढे कधी अॅम्प्लिफायर लावलाच तर त्याची मेन वायर थेट बॅटरीवरून येते. तिचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो नसेल आणि वायर कुठं घासून पत्र्याला लागली, तर गाडी पेटू शकते. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही. इन्शुरन्स कंपनीलाही नव्या सिस्टीमची नोंद द्या.

‘पण बेसमध्येच तर मजा आहे,’ असं कोणी म्हणेल. आहेच! बेस हवाच, पण गाण्यात मुरलेला हवा. आणि कानाचाही विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणं सुरक्षित आहे, ९० डेसिबलचा फक्त चार तास. गेलेलं ऐकणं परत येत नाही. शिवाय आपल्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मेडिकल चौकात मागून अॅम्ब्युलन्स येऊन राहिली आणि तुम्हाला सायरनच ऐकू आला नाही, तर त्या सिस्टीमची किंमत दुसरंच कोणी मोजेल.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचं एक ओळखीचं गाणं घेऊन जा. मध्यम आवाजात लावा. आधी कधी ऐकू न आलेलं एखादं वाद्य त्यात सापडलं, शब्द स्वच्छ कळले, तर पैसे द्या. नुसती काच हलली, तर बाहेर या.