दोन कॅमेरे, एकच क्षण

गळीत हंगामात नेवासा फाट्यावर गाडी चालवणाऱ्याला एका दमात अनेक अंतरं जोखावी लागतात. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरून धावणारे ट्रक आणि एसट्या, त्यांना आडवा छेदणारा श्रीरामपूर–शेवगाव रस्ता, भेंड्याच्या ज्ञानेश्वर किंवा सोनईच्या मुळा कारखान्याकडे निघालेले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि या सगळ्यातून वाट काढणारे मोटारसायकलवाले. समोरची ट्रॉली नेमकी किती लांब आहे, यावर ब्रेक कधी दाबायचा ते ठरतं.

हे जोखण्याचं काम आता हळूहळू कॅमेऱ्यांकडे जातं आहे. २०२१ साली नागपुरात ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या शहर बसगाड्यांवर टकरीचा इशारा देणारी कॅमेरायंत्रणा बसवली गेली. मार्च २०२५मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढला, त्यात नव्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव होता. या दिशेचं मी मनापासून स्वागत करतो. पण अशा यंत्रणेची चर्चा ऐकताना एक प्रश्न मला सारखा बोचतो. कॅमेरे किती, किती मेगापिक्सेलचे, रात्री दिसतं का, हे सगळे विचारतात. दोन कॅमेऱ्यांनी अंतर मोजायचं असेल तर ते दोन्ही अगदी एकाच क्षणी चित्र टिपतात का, हे क्वचितच कोणी विचारतं. मोजलेल्या अंतराचा भरवसा मात्र त्याच उत्तरावर उभा असतो.

हिशेब करून पाहू. गाडीच्या काचेमागे ३० सेंटिमीटर अंतराने दोन कॅमेरे आहेत असं धरा. समोरची वस्तू डाव्या चित्रात जिथे दिसते, त्यापेक्षा उजव्या चित्रात थोडी सरकलेली दिसते. वस्तू जवळ असेल तर सरक जास्त, लांब असेल तर कमी. मध्यम ताकदीची, म्हणजे हजार पिक्सेल नाभीय अंतराची भिंगं असतील, तर ३० मीटरवरची वस्तू फक्त १० पिक्सेल सरकते. अंतराचं सगळं गणित या १० ठिपक्यांवर चालतं. त्यात एका ठिपक्याची चूक झाली की ३० मीटरचे २७ तरी होतात, नाहीतर ३३.

आता फाट्यावर ३० मीटर पुढून एक मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर वेगाने आडवी जाते आहे. सेकंदाला ३० चित्रं घेणारे दोन कॅमेरे आपापल्या घड्याळाने चालत असतील, तर त्यांच्यात एका चित्राचं, म्हणजे ३३ मिलिसेकंदांचं अंतर सहज पडू शकतं. तेवढ्यात मोटारसायकल ३३ सेंटिमीटर पुढे जाते. चित्रात ते ११ पिक्सेल होतात. खरी सरक दहाची, चूक अकराची! मोटारसायकल एका बाजूने आली तर यंत्र तिला १४ मीटरवर आणून ठेवतं आणि विनाकारण करकचून ब्रेक लावतं. मागून भरलेला ट्रक येत असेल तर पुढचं बोलायला नको. ती दुसऱ्या बाजूने आली तर उत्तर इतकं निरर्थक निघतं की यंत्र बहुधा ते फेकूनच देईल. म्हणजे मोटारसायकल त्याच्या लेखी नाहीच.

समोरचं काही हललं नाही तरी सुटका नाही. उभ्या ट्रॉलीला टाळायला चालकाने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सेकंदाला दहा अंशांनी वळू लागली, तर त्याच ३३ मिलिसेकंदांत सगळं दृश्य सुमारे सहा पिक्सेल सरकतं. वळण एका बाजूचं असेल तर ३० मीटरवरची ट्रॉली ७५ मीटरवर भासते. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली, मागे उसाचे शेंडे लोंबणारी ट्रॉली यंत्राने अशी लांब ढकलावी, याहून घातक चूक मला सुचत नाही.

हा दोष माणसाच्या नजरेतही येऊ शकतो. जर्मनीतल्या झाइस कंपनीचे शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिख यांनी १९२२ साली त्याचा उलगडा मांडला. एका डोळ्यासमोर काळी काच धरून सरळ रेषेत झुलणारा लंबक पाहिला, तर तो लंबगोल फिरताना दिसतो. अंधुक डोळ्याचा संदेश मेंदूत काही मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्याने अंतराचा अंदाज बिघडतो. पुल्फ्रिख यांची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी तोवर गेलेली होती, त्यामुळे ज्या परिणामाला आज त्यांचं नाव आहे तो त्यांना कधी पाहता आला नाही. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्यांनाही आडव्या जाणाऱ्या वाहनाचं अंतर असं चुकीचं दिसू शकतं. ऊस वाहतुकीच्या चालकांसाठी नेत्रतपासणी हंगामाच्या आधी व्हायला हवी, ती याही कारणासाठी.

कॅमेऱ्यांवरचा उपाय ठाऊक आहे आणि तो अवघडही नाही. दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच तारेवरून एकच विद्युत ठोका द्यायचा. ठोका आला की दोघांनी टिपायचं. गाडीभर विखुरलेले कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळं जाळ्यावरून जुळवता येतात, आणि उपग्रहाकडून दर सेकंदाला मिळणाऱ्या ठोक्याशी बांधून ठेवता येतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २०१२ साली रस्त्यांवर टिपलेल्या दृश्यांचा ‘किटी’ हा प्रसिद्ध चित्रसंच प्रकाशित केला. त्यांच्या गाडीच्या टपावर फिरणारा लेसर समोर वळला की तोच कॅमेऱ्यांना टिपण्याचा इशारा देई, सेकंदाला दहा वेळा.

एक बारकावा मात्र अनेकदा सुटतो. ठोका एकच असला, पण एका भिंगावर समोरच्या दिव्याचा झोत पडून त्याने २ मिलिसेकंद प्रकाश घेतला आणि दुसऱ्याने १०, तर दोन्ही चित्रांचे मध्यक्षण, म्हणजे प्रकाश घेण्याच्या काळाचे मधले क्षण, ४ मिलिसेकंदांनी वेगळे होतात. आपल्या मोटारसायकलच्या हिशेबात हा एक पिक्सेलहून जास्त फरक आहे. म्हणून प्रकाश घेण्याचा काळही दोन्हीकडे सारखा हवा, किंवा मध्यक्षण तरी जुळवलेले हवेत.

एकाच कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रणांना हा प्रश्न येत नाही. त्या समोरच्या वाहनाची चाकं चित्रात रस्त्याला कुठे टेकतात किंवा त्याची रुंदी किती दिसते, यावरून अंदाज बांधतात. पण उसाने दोन्ही बाजूंनी फुगलेल्या ट्रॉलीची रुंदी कोणत्या पुस्तकात सापडणार? आपल्या रस्त्यांना दोन डोळ्यांची यंत्रणा जास्त मानवेल असं मला वाटतं. फक्त ते डोळे एकत्र उघडले पाहिजेत.

रस्त्यांच्या पाहणीलाही हेच लागू आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५मध्ये २३ राज्यांतल्या २०,९३३ किलोमीटर महामार्गांची लेसर आणि कॅमेरे लावलेल्या गाड्यांनी पाहणी करायचं जाहीर केलं. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत चित्रावरची वेळ दशांश सेकंदाने चुकली, तर खड्डा नकाशावर दोन मीटरहून जास्त सरकतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. सरकारी खरेदीच्या निविदेत, मग ती एसटीची असो वा पाहणीगाड्यांची, अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मध्यक्षणांत जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाचा फरक चालेल, असा आकडा लिहिलेला असावा. आपल्या मोटारसायकलसाठी तेवढ्यानेही ३० मीटरवर एका मीटरची चूक उरते, त्यामुळे ही सूट मोठीच आहे. चाचणी सरळ रस्त्यावर उभ्या मोटारीसमोर घेऊन थांबू नये. आडवं जाणारं वाहन, वळती गाडी आणि अंधारातली भरलेली ट्रॉली तिच्यात हवीच. वाहनांची मानकं आणि चाचण्या हे जिचं काम, ती ‘एआरएआय’ संस्था पुण्यातच आहे. ऊस वाहतुकीचा असा प्रसंग तिला परका नसावा.

आणि प्रत्येक आगारात वर्षातून एकदा करता येईल अशी साधी तपासणीही आहे. मिलिसेकंद मोजणारा, झरझर बदलणारा दिव्यांचा फलक दोन्ही कॅमेऱ्यांसमोर ठेवायचा, चित्रं टिपायची आणि दोन्हींतले आकडे ताडून पाहायचे. असा फलक आयटीआयचे विद्यार्थी बनवू शकतात. पहिली तपासणी कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी उरकावी, म्हणजे बिघडलेला संच बदलायला हंगामाआधी वेळ मिळेल.