‘छाया’च्या पुढची गोळी आपण शोधू

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या बाईला सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी फुकट मिळते. ‘यात हार्मोन आहे का?’ हा तिचा रास्त प्रश्न. उत्तर: नाही. सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच घ्यायच्या या गोळीत सेंटक्रोमन आहे. ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) शोधलं गेलं आणि १९९१ मध्ये ‘सहेली’ म्हणून बाजारात आलं. पेशीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरवर बसून ते गर्भाशयात इस्ट्रोजेनचा परिणाम रोखतं. आपल्या देशात शोधलेलं हे औषध आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण रिसेप्टर मोठा फसवा. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र त्याच्यासारखंच वागतं. त्यामुळे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो, हे असंख्य बायकांना ते दिल्यानंतर उमगलं. असं का होतं? औषध बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो आणि त्यानुसार त्याला वेगवेगळी साहाय्यक प्रथिनं चिकटतात. ही प्रथिनं प्रत्येक अवयवात सारख्या प्रमाणात नसतात.

कुठली प्रथिनं चिकटतात, हे आता चिपवर पाहता येतं. एका प्रकारच्या चिपवर साहाय्यक प्रथिनांचे १५४ तुकडे ठिपक्याठिपक्यांनी बसवलेले असतात. त्यावर रिसेप्टर आणि नवा रेणू सोडायचा. कुठले ठिपके उजळतात यावरून रेणूचा स्वभाव कळतो. यकृतात गेल्यावर औषधाचं काय होईल, हे मात्र चिप सांगत नाही. टॅमॉक्सिफेनचं खरं जोमदार रूप, एंडॉक्सिफेन, यकृतातच तयार होतं. म्हणून प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या टळत नाहीत. पण पहिली चाळणी म्हणून चिपला तोड नाही.

हे काम आपल्याकडेच होऊ शकतं. पवईच्या आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेला प्रथिन-चिपचा चांगला सराव आहे. कर्करोग आणि मलेरियाच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं तिथे शोधली गेली. परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. रेणू बनवणारे हात अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत आहेत. पण इथला केमिस्ट दुसऱ्याने निवडलेला रेणूच बनवत राहतो, ही मला खरी खंत आहे. राज्य सरकारने या तिघांना एका प्रकल्पात आणावं. सुरुवात सेंटक्रोमनच्या भाऊबंद रेणूंपासून करावी आणि छोट्या कारखान्यालाही आपला रेणू परवडणाऱ्या दरात तपासून घेता यावा.