हौद विकत मिळतो, सांभाळणं मिळत नाही

पोरांसाठी घरी स्विमिंग पूल घेतला असं भारतात फोनवर सांगितलं की पलीकडून हमखास दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, "मजा आहे बुवा! आखातात काय, ऐशच ऐश." दुसरी जरा आवाज उतरवून, "वाळवंटात एवढं पाणी नुसतं डुंबायला? काही वाटतं का?" मंडळी, माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया नेम चुकलेल्या आहेत. खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो कुणीच विचारत नाही: तो सांभाळतं कोण?

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, नाहीतर तुमच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला निळाशार तलाव यायचा. दोह्याच्या अल नस्र भागात आमचं घर आहे. आवारात फरशीवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात अडकवलेलं जाड प्लास्टिकचं कापड, एवढाच आमचा पूल (नदीवरचा नव्हे, पोहण्याचा). यापुढे त्याला हौदच म्हणतो. इंटेक्स, बेस्टवे या कंपन्यांचे असे हौद कुठल्याही मोठ्या दुकानात खोक्यात मिळतात. १२ फूट व्यासाच्या, ३० इंच उंचीच्या हौदात साधारण ६,५०० लिटर पाणी मावतं. दोन माणसं एका दुपारी उभा करतात. इथपर्यंत सगळं सोपं, आणि बहुतेकांची अक्कल नेमकी इथेच संपते.

आता वाद घालायचा तो "पाणी बदललं की झालं" या समजुतीशी. आपल्या लोकांत ती फार खोल रुजली आहे. क्लोरीन म्हणजे "केमिकल", केमिकल म्हणजे वाईट, म्हणून पोरांच्या अंगाला ते नकोच. त्यापेक्षा दर शुक्रवारी हौद रिकामा करा आणि ताजं पाणी भरा, कसं स्वच्छ! इथल्या ओळखीच्या घरांत मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता जेवणाच्या पंगतीतसुद्धा माझा तोल सुटतो.

हिशोब करू. कतारमध्ये बारमाही नदी नाही, तळं नाही, पाऊस वर्षाला जेमतेम ७५-८० मिलिमीटर. नळाला येणारं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं खारं पाणी गोडं करून आलेलं. आजच्या आरओ प्रकल्पात एक हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते, पाणी उकळून वाफ धरायच्या जुन्या पद्धतीत ऊर्जा याहून बरीच जास्त. हौद वापरण्याजोगा हंगाम इथे धरून चाला चार महिने (भर उन्हाळ्यात पाणी इतकं तापतं की पोहणं कसलं, सार होतं). म्हणजे सतरा आठवडे. दर आठवड्याला पाणी बदलणाऱ्याने एका हंगामात १ लाख १० हजार लिटर पाणी ओतलं.

आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर लातूर आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर होतं. आमच्यासारखी पाच घरं एका हंगामात दर आठवड्याला "ताजं" पाणी भरतात तेव्हा ती अख्खी गाडी गटारात जाते. आणि एवढं करूनही ते पाणी स्वच्छ नसतंच! नळाच्या पाण्यात जो थोडा क्लोरीन असतो तो इथल्या उन्हात काही तासांत उडून जातो. पुढचे सहा दिवस पोरं कोमट, उघड्या, निर्जंतुक न केलेल्या पाण्यात डुंबतात.

ही नुसती किळस येण्याची गोष्ट नाही. केरळात २०२४ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने लहान मुलांचे जीव घेतले. तो कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे आत जातो. पाण्यात क्लोरीन पुरेसा असेल तर तो टिकत नाही. तेव्हा "केमिकल नको" म्हणणाऱ्यांनी आपण नेमकं कशाला "नको" म्हणतोय ते एकदा नीट बघावं.

आणि हे केमिकल असतं तरी किती? क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवा. आमच्या हौदात १ पीपीएम वाढवायला साडेसहा ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणाचा १३० मिलिलिटरचा छोटा कप. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा, कारण तो वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही निकामी होतो. उन्हापासून क्लोरीन वाचवायला सायन्युरिक आम्ल, ३० ते ५० पीपीएम. औषध टाकायचं ते संध्याकाळी, पोरं बाहेर असताना आणि पंप चालू ठेवून. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो. शिवाय डोळे चुरचुरणं आणि तो "क्लोरीनचा वास" हे बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचं लक्षण नसतं. घाम आणि (माफ करा) पोरांची शू यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा तो वास. उपाय क्लोरीन वाढवणं आणि उतरण्याआधी आंघोळ घालणं. आपण नेमकं उलट करतो.

एवढं केलं, गाळणीची नळी दोन-तीन दिवसांनी धुतली, रात्री आच्छादन घातलं, तर हंगामभर एकच पाणी पुरतं. बाष्पीभवनाने हंगामात आमच्याकडे दिवसाला फार तर सेंटिमीटरभर पाणी जातं, म्हणजे शंभरेक लिटर. क्लोरीनच्या गोळ्यांनी सायन्युरिक आम्ल साचत गेलं तर थोडं पाणी बदलावं लागतं, हेही कबूल. सगळं धरून रोजचे दीडशे लिटर. आपल्याकडे शहरातल्या एका माणसासाठी रोजचं प्रमाण १३५ लिटर धरतात. म्हणजे हौद हा घरातला एक जादा माणूस. "काही वाटतं का?" विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे: एक माणूस पोसायची लाज वाटत नाही, त्याच्या नावाने गाडीभर पाणी ओतायची वाटते.

आता "सांभाळतं कोण" याकडे येतो. इथे बऱ्याच घरांना हारिस असतो, म्हणजे रखवालदार. नेपाळचा, बांगलादेशचा, नाहीतर आपल्याच देशातला. हौद घेतल्यावर साहेब ते रोजचं काम त्याच्या गळ्यात घालतात. भर उन्हात जाळी घेऊन धूळ काढतो तो, हातमोजे न घालता औषध टाकतो तो, आणि त्या पाण्यात पाय बुडवायची परवानगी नसते तीही त्यालाच. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे. पण घराच्या कुंपणाआत ते बघायला कोण येतं? रोजचं काम दहा मिनिटांचं आहे. ज्याला स्वतःच्या पोरांसाठी तेवढा वेळ नाही, त्याने हौद घेऊ नये. इतकं साधं आहे.

आणि रखवालीचा दुसरा अर्थ तर त्याहून महत्त्वाचा. अमेरिकेतल्या अशा सुट्या हौदांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. २००१ ते २००९ या काळात त्यांत बारा वर्षांखालची २०९ मुलं बुडून गेली, त्यांतली बहुतेक पाचच्या आतली. गुडघाभर पाणी पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. म्हणून वापर संपला की शिडी काढून घरात, आणि पोरं पाण्यात असताना मोठ्या माणसाचा फोनही घरात.

मी डॉक्टरेटसाठी नेदरलँड्समध्ये होतो. तिथे मुलांना पोहण्याच्या अ, ब, क अशा पदविका असतात आणि परीक्षेत अंगावर कपडे घालूनही पोहावं लागतं, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. आपल्याकडे गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून काका-मामा पोरांना ढकलायचे. पद्धत रांगडी असेल, पण शिकवणारा स्वतः पाण्यात असायचा. भारतात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात आणि आपण सोसायटीच्या जाहिरातीतला निळा चौकोन बघून फ्लॅट बुक करतो! तो चौकोन उन्हाळ्यात टँकर आले की बंद, एरवी हिरवा, आणि पोरांना पोहता येत नाही ते नाहीच.

पुण्या-नाशकात हे हौद आता गच्चीवर मांडतात असंही ऐकतो. त्यांच्यासाठी एक आकडा. आमच्या हौदाचा भार चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर जातो. भारतीय मानकानुसार घराच्या गच्चीला वापराचा भार धरतात तो साधारण दीडशे किलो. चौपट! तेव्हा हौद जमिनीवर, नाहीतर नकोच.

असो. ऐश म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, लाज काढणाऱ्यांशीही फारसं नाही. भांडण आहे ते पैसे मोजले की आपलं काम संपलं असं मानणाऱ्यांशी. हौद जरूर घ्या. पण खोकं उचलण्याआधी घरात ठरवा, संध्याकाळची दहा मिनिटं कोणाची, आणि पोरं पाण्यात असताना काठावर कोण. उत्तर "बघू" किंवा "माणूस आहे ना" असेल, तर खोकं तिथेच ठेवा आणि पोरांना पोहायच्या क्लासला घाला.